डावं पान, उजवं पान

माझ्या कपाटात एक शंभर पानी वही आहे. खाकी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर वाळवीनं थोडी खाल्लेली. ती वही माझी नाही. जिची आहे, तिचं कॉलेज ह्या वहीनं सुटलं, आणि ते ज्या एका ओळीमुळे सुटलं ती ओळ माझ्या हातची आहे, लाल शाईतली. बायको म्हणायची, टाकून द्या ती, घरात ठेवावी अशी वस्तू नव्हे. मी एरवीही तिचं फारसं ऐकत नसे. ह्या बाबतीत तर मुळीच ऐकलं नाही.

मी गिरगावातल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर एक चित्रदालन होतं. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं मरताना घरातली सगळी चित्रं कॉलेजला देऊन टाकली होती. तैलचित्रं, चार पितळी मूर्ती आणि काचेच्या पेटीत ठेवलेली हस्तिदंताची एक पालखी. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला जे कुलूप लागलं ते कुणी पाहुणा आला तरच निघायचं. पावसाळ्यात आम्ही प्राध्यापक मंडळी त्या दाराबाहेर ओल्या छत्र्या वाळत ठेवायचो. कलेशी आमचा संबंध तेवढाच होता.

मी तिथे वर्ग नेला तो कलेच्या प्रेमानं नव्हे, वैतागून. निरीक्षण वेगळं आणि अनुमान वेगळं, एवढी एक गोष्ट पोरांच्या डोक्यात शिरेना. 'जिथे धूर तिथे अग्नी' सगळे घडाघडा म्हणायचे. पण धूर बघून ये म्हटलं की आग बघून यायचे. एके दिवशी मी खडू फेकला, शिपायाकडून किल्ली घेतली आणि अख्खा वर्ग वर नेला. एकवीस जणांना एका चित्रासमोर उभं केलं. पहिला अर्धा तास तोंड उघडायचं नाही. वहीच्या डाव्या पानावर जे दिसतं ते लिहायचं, उजव्या पानावर त्यावरून जे वाटतं ते. 'बाई दुःखी आहे' असं डाव्या पानावर लिहिणाऱ्याला मी खुशाल बाहेर काढायचो. दुःख दिसत नाही. खाली झुकलेली मान दिसते.

ह्याचा इतका गवगवा झाला की इतरांनाही चेव आला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मुलांना घेऊन आले आणि कोकणातल्या एका देखाव्यात चित्रकारानं पोफळीच्या खोडावर माडाची झावळं लावली आहेत हे त्यांनी शोधून काढलं. अर्थशास्त्रवाल्यांनी एका शेठजीच्या चित्रापुढे तास घेतला. अंगरख्याचं कापड कुठलं, छताची काचेची हंडी कुठली, पायाखालचा गालिचा कुठला, आणि हे सगळं ह्या एका माणसाच्या दिवाणखान्यात कसं येऊन पोचलं. चित्रांवरची धूळ निघाली. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवतही नसे.

आमचं चित्र दालनातलं सगळ्यात मोठं होतं. एक बंदर, धक्क्यावर माणसांची गर्दी, बोट अजून आलेली नाही. आभाळ शिळ्या आमटीसारखं. आणि धक्क्यावरची सगळी माणसं, बायका, हमाल, एक भटजी, सगळी डावीकडे चौकटीबाहेर कशाकडे तरी बघताहेत. काय आहे तिथे ते चित्रात नाही. दालनाचा शिपाई म्हातारा मालवणी माणूस, राहायला घोडपदेवला. त्याला ते चित्र अजिबात आवडत नसे. संध्याकाळी बाकीची चित्रं उघडी ठेवून ह्या एकावर तो चादर टाकायचा.

"मास्तर, ह्यां चित्र बरां न्हय," तो म्हणायचा. "काय येता तां दिसत नाय, आनी पळत पन कोन नाय."

मी हसायचो. माझ्याच दोन पानांत बसेल असं वाक्य होतं ते, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याचा आणखी एक नियम होता. दालनात शाई आणायची नाही. पोरं शिसपेन्सिलीनं लिहायची. शाईचं पेन फक्त माझ्या खिशाला, तेही लाल.

आता ती मुलगी. वरळीच्या बीडीडी चाळीतून यायची. वडील गिरणीत होते ते खोकल्यानं घरी बसलेले, मोठा भाऊ गिरणीतच सांच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार. बदली म्हणजे सकाळी गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी परत. त्या भावाच्या जिवावर ती शिकत होती. त्यांच्या चाळीतून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. बी.ए. व्हायचं आणि वरळीच्याच शाळेत शिकवायचं, एवढं तिचं ठरलेलं होतं, आणि ते मला तिनं न विचारता सांगितलं होतं. वर्गात मागच्या बाकावर बसायची. पुढे ये म्हटलं तर म्हणायची, "इथून सगळं दिसतं, सर."

आणि खरंच दिसायचं. बंदराच्या चित्रापुढे मी दोन वर्षं वर्ग घेत होतो. त्या चित्रात एका बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल आहे. त्या मुलाच्या गुडघ्यावर चित्रकारानं एक माशी काढली आहे, हे मला तिच्या वहीतून कळलं. मी खुर्चीवर चढून बघितलं. माशी होती. त्या दिवशी मी तिच्या वहीत लाल शाईनं 'शाबास' लिहिलं. हा शब्द मी नोकरीत फार वेळा लिहिलेला नाही.

तिच्या उजव्या पानावर एवढंच होतं: 'ह्या लोकांना कळलं आहे. पण जागा सोडली तर बोट चुकेल, म्हणून ते थांबले आहेत.' त्याखाली मी विचारलं होतं, 'पुरावा?'

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राचं वातावरण तापत गेलं. भिंती घोषणांनी भरल्या. संध्याकाळी सभा, सकाळी प्रभातफेऱ्या, दुपारी अचानक धडाधड खाली येणारी दुकानांची फळकुटं. त्या फळकुटांचा आवाज मला आजही सहन होत नाही. एक दुकान बंद झालं की शेजारचा कारण न विचारता बंद करायचा. लोक बोलताना खाली बघायला लागले. नाक्यावरच्या इराण्यानं बाहेरची संगमरवरी टेबलं आत ओढून घेतली. मी मनानं त्या चळवळीतला होतो, पण पायानं नव्हतो. मोर्चा जवळ आला की मी फुटपाथ बदलायचो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या तासाला आम्ही वर दालनात होतो. खालून घोषणा ऐकू यायला लागल्या. शिपायानं येऊन सांगितलं की फाटक बंद केलंय, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पोलीस आहेत, कुणी खाली जायचं नाही. पोरं चुळबुळायला लागली. दोन मुली रडकुंडीला आल्या. कुणाचा बाप मोर्चात, कुणाचा काका. मला त्यांना गप्प बसवायचं होतं. मला भीतीही वाटत होती, ती दाखवायची नव्हती. म्हणून मी जे करायला नको होतं ते केलं.

दालनाला रस्त्याकडे तीन उंच खिडक्या होत्या. मी म्हणालो, "ही खिडकी म्हणजे चौकट. हे चित्र. अर्धा तास. डावं पान, उजवं पान."

"मास्तर, पोरांक खिडकीत उभी करू नकात," शिपाई म्हणाला.

मी त्याला हातानंच गप्प केलं. एकवीस पेन्सिली चालू झाल्या, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. रडणाऱ्या मुली लिहायला लागल्या. खाली ट्राम उभी होती, रिकामी. गर्दी सगळी डावीकडे, चर्नी रोडच्या अंगाला बघत होती. तिकडे पोलिसांच्या गाड्या होत्या, पण त्या खिडकीतून दिसत नव्हत्या. माझ्या पाठीमागे भिंतीवर ते बंदर होतं.

ती मुलगी मधल्या खिडकीत होती. लिहिता लिहिता तिची पेन्सिल थांबली. मी बघितलं. मी सगळ्यांच्या पेन्सिलींवर नजर ठेवून होतो.

"थांबू नकोस," मी म्हणालो. "लिही."

तिनं मान हलवली आणि लिहायला लागली.

थोड्या वेळानं दगड आले, मग अश्रुधूर, मग फटाक्यांसारखे पण फटाक्यांहून कोरडे आवाज. शिपायानं मला न विचारता तिन्ही खिडक्या धाडधाड लावून घेतल्या आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. दुपारी रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही पोरांना घोळक्यानं बाहेर सोडलं. रस्त्यावर चपलाच चपला होत्या. वह्या वरच कपाटात राहिल्या, नेहमीसारख्या.

कॉलेज पाच दिवस बंद होतं. मी माझ्या खोलीत बसून वह्या तपासल्या. बाहेर संचारबंदी, दूध नाही, भाजी नाही, आणि मी खुशीत. काय लिहिलं होतं पोरांनी! ट्रामच्या पायरीवर पडलेली टोपी, दुसऱ्या मजल्यावरून मीठ-मिरच्या उतरवणारी म्हातारी, कॉलेजसमोरच्या पाणपोईचा वाहता नळ. त्या पाणपोईशी उभा असलेला एक उंच माणूस तर जवळजवळ सगळ्यांच्या वहीत होता. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डाव्या हाताच्या दोन बोटांना पांढरी पट्टी, उजवा हात वर. डाव्या पानावर 'हात वर'. उजव्या पानांवर मात्र 'दगड मारणार', 'पुढारी असावा', 'लोकांना चिथावतो आहे'. त्या सगळ्याखाली मी लाल रेघा मारल्या. तिघांनी डाव्या पानावर आणखी एक गोष्ट लिहिली होती: सगळे डावीकडे बघताहेत, हा मात्र वर बघतो आहे. त्यांना मी चांगले गुण दिले आणि पान उलटलं. वर म्हणजे कुठे, हे मी मला विचारलं नाही. दुसऱ्यांच्या अनुमानांत खोट काढण्यात माझा जन्म गेला. स्वतः एक अनुमान काढायची वेळ आली तेव्हा मला डुलकी लागली होती.

आणि सगळ्यात हुशार मुलीच्या वहीत तो माणूसच नव्हता. टोपी होती, म्हातारी होती, नळ वाहत होता, नळाखाली साचलेल्या पाण्यात ट्रामची तार हलत होती ती सुद्धा होती. माणूस नव्हता. मला राग आला. ज्याच्याकडून जास्त अपेक्षा त्याच्यावर जास्त राग, हा माझा मास्तरी स्वभाव. मी समासात लिहिलं: 'पाणपोईशी उभा असलेला उंच, हाताला पट्टी बांधलेला माणूस तुझ्याकडून कसा सुटला? इतरांना दिसला. पुन्हा पाहा.'

कॉलेज उघडल्यावर मी त्या वह्या घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. ते दालन रिकामं करून उत्तरपत्रिकांची कोठी करायच्या विचारात होते, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की ह्या खोलीत काय शिकवलं जातं. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी एकेक वही उघडून वाचून दाखवली. तिची वही तर मुद्दाम वेगळी काढली. म्हणालो, "ह्या मुलीला माशी दिसते, साहेब. त्या दिवशी एकच चूक केलीन."

साहेब घाबरट होते, वाईट नव्हते. ते म्हणाले, "असू द्या इथेच. निवांत वाचतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पोलीस इन्स्पेक्टर आला. पाणपोईजवळ एका हवालदाराचं डोकं फुटलं होतं आणि तो जगेल की नाही हे सांगता येत नव्हतं. कॉलेजच्या खिडकीतून कुणी काही पाहिलंय का, असं त्यानं विचारलं. टेबलावर एकवीस लेखी जबान्या मांडून ठेवलेल्या होत्या. साहेबांनी त्या पुढे सरकवल्या. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मी टाळतो.

मला बोलावलं तोवर इन्स्पेक्टरनं सगळ्या वाचून काढल्या होत्या. शिकलेला, शांत आवाजाचा माणूस. मला 'सर' म्हणाला आणि बसायला खुर्ची दिली. कधी कधी वाटतं, आरडाओरडा करणारा असता तर बरं झालं असतं.

"पद्धत छान आहे, सर," तो म्हणाला. "आमच्या लोकांना शिकवायला पाहिजे." मग त्यानं तिची वही उघडली. "ही मुलगी कोण?"

"माझी विद्यार्थिनी आहे. का?"

"हिला हा माणूस दिसला नाही म्हणता."

"नजरचूक असेल."

त्यानं शांतपणे पानं मागे उलटली. माझं 'शाबास' होतं तिथे बोट ठेवलं. "जिला चित्रातल्या पोराच्या गुडघ्यावरची माशी दिसते, तिला सहा फुटी माणूस दिसत नाही? आणि तोही तुम्ही म्हणता तसा, सगळ्यांना दिसलेला?"

माझ्या विषयात ह्याला निर्दोष अनुमान म्हणतात. त्यानं ते माझ्याच लाल शाईवरून काढलं होतं. तो उठला, बाहेर ऑफिसात गेला आणि हेडक्लार्ककडून तिचा पत्ता लिहून घेतला.

मी तेव्हाच वरळीला जायला हवं होतं. टॅक्सी करायला हवी होती, धावायला हवं होतं. मी स्टाफरूममध्ये जाऊन चहा मागवला. तो बशीत सांडला, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या नळावर तोंड धुताना तिच्या भावाला पकडलं. मोर्चाच्या आठवडाभर आधी सांच्यात सापडलेली दोन बोटं, त्यांवर पांढरी पट्टी. हे मला शिपायानं सांगितलं. गिरणगावात बातमी चाळीचाळीतून चालत येते. सांगताना तो माझ्याकडे न बघता चित्रावरची चादर नीट करत होता. हवालदार पुढे वाचला आणि तिचा भाऊही पुराव्याअभावी सुटला, पण ते बऱ्याच महिन्यांनी. तोवर बदलीच्या यादीतून त्याचं नाव गेलं होतं, वडील गेले होते, आणि ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली होती.

अटकेनंतर दहाएक दिवसांनी ती कॉलेजात आली, नाव काढायला. दुपारची वेळ होती. पोलिसांनी वह्या परत पाठवल्या होत्या आणि मी दालनात त्या कपाटात लावत होतो. ती दारात उभी राहिली. शिपायानं तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं.

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे.

"सर, माझी वही द्या," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा पाहायला सांगितलं होतं. ते राहिलंय."

मी वही दिली. ती मधल्या खिडकीशी गेली. खिडकी शिपायानं त्या दिवसापासून उघडली नव्हती. तिनं कडी काढली. खाली रोजचा रस्ता होता, ट्राम चालू होती, पाणपोईवर कुणीतरी घागर भरत होतं. तिनं शिपायाकडून पेन्सिल घेतली आणि उभ्या उभ्या लिहिलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि गेली. त्या नमस्काराइतकं मला कुणी कधी बोललेलं नाही.

मी वही उघडली. माझ्या लाल ओळीखाली, डाव्या पानावर तिनं लिहिलं होतं: 'पाणपोईशी एक उंच माणूस. पट्ट्यांचा शर्ट. डाव्या हाताला पट्टी. उजवा हात वर, पंजा उघडा. मधल्या खिडकीकडे बघतो आहे.'

उजव्या पानावर एकच ओळ होती. 'मला न्यायला आला आहे. खाली येऊ नकोस म्हणतो आहे.'

ती वही मी तिसऱ्या दिवशी चौकीवर नेली. इन्स्पेक्टरला ती तीन डावी पानंही दाखवली, तो माणूस वर बघत होता हे लिहिलेली. त्यानं नीट वाचलं. म्हणाला, "वर बघणारा खूण करत असतो, सर, ती कुणाला ते कुणी लिहिलेलं नाही. आणि हिचं पेन्सिलीतलं आहे. कधीही लिहिता येतं." त्याच्या बोलण्यात मला चूक काढता आली नाही.

पण हे नंतरचं. त्या दुपारी वही वाचून मी जिन्यापर्यंत धावलो, आणि तिथूनच मागे फिरलो. परत खिडकीशी आलो. ती फाटकाबाहेर पडून रस्ता ओलांडत होती. पाणपोईशी पोचल्यावर ती थांबली, वळली आणि वर बघितलं. मधल्या खिडकीत मी उभा होतो. मला हाक मारायची होती, थांब म्हणायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं. खिडकीतून एवढ्या लांब काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी नुसता हात वर केला.

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग ट्राम मध्ये आली. ट्राम गेली तेव्हा पाणपोईशी कुणी नव्हतं.